‘इट’नं बसायचं कुठं?

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांना मी कधी घाबरलो नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. ‘एक्स्टिंग्विश’, ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘डिसकंटिन्यू’ ही मंडळी रोज टेबलावर यायची आणि एकानंही कधी त्रास दिला नाही. दिसायला धिप्पाड, स्वभावानं गरीब. नेमून दिलेला अर्थ सांगायचा आणि घरी जायचं. खरे गुंड म्हणजे अप, ऑफ, इन, आउट. एवढेसे जीव, पण ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ असल्या भोळ्या क्रियापदांना गाठून त्यांच्याकडून वाट्टेल ते करवून घेतात.

लेकीकडे इंग्लंडात, रेडिंग गावी राहायला आलो आणि हे उमगलं. इथं आग कुणी एक्स्टिंग्विश करत नाही, पुट आउट करतात. कचऱ्याचा डबाही रात्री पुट आउटच करतात. शेजारच्या आजीबाई ‘माझं पार्सल ठेवून घ्याल का’ म्हणून आल्या आणि वर म्हणाल्या, ‘आय डोन्ट वॉन्ट टु पुट यू आउट.’ आग, कचरा आणि मी, तिघं एकाच रांगेत! लेकीनं समजावलं, ‘बाबा, तुम्हाला तसदी नको म्हणताहेत त्या.’

‘ऑफ’ची तर वेगळीच तऱ्हा. दिवे वेंट ऑफ म्हणजे गेले. गजर वेंट ऑफ म्हणजे वाजला. दूध वेंट ऑफ म्हणजे नासलं. आणि ‘आय हॅव गॉन ऑफ मिल्क’ असं कुणी म्हणालं, तर दूध ठणठणीत असतं, त्या माणसाचं मन उडालेलं असतं.

तरी हे सगळं एक वेळ पाठ करता येईल. आम्ही ‘स, ला, ते’ पाठ केलेली माणसं. खरी पंचाईत सर्वनामाची. आपलं सर्वनाम प्रत्यय पाठीवर घेऊनच हिंडतं. ‘त्याला उचल’ म्हणा, ‘उचल त्याला’ म्हणा, पार्सल उचललं जातं. इंग्रजीत ‘पिक अप द पार्सल’ चालतं, ‘पिक द पार्सल अप’ही चालतं. पण पार्सलचं ‘इट’ झालं की त्याला मधलीच सीट. ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ म्हणालात की समोरचा इंग्रज सभ्यपणे खिडकीबाहेर बघतो. मग सगळीकडे मधे बसवावं, तर ‘लुक इट आफ्टर’ चालत नाही. तिथं ‘इट’नं मुकाट्यानं मागं जायचं.

का, म्हणून जावयाला विचारलं. तो इथलाच, अस्सल इंग्रज. निघायच्या घाईत होता, एक हात कोटाच्या बाहीत. तसाच थांबून छताकडे बघत पुटपुटला, ‘पुट माय कोट ऑन... पुट ऑन माय कोट... पुट इट ऑन... पुट ऑन इट.’ शेवटच्याला भातात खडा लागावा तसा चेहरा झाला. ‘नो,’ म्हणाला, ‘यू जस्ट डोन्ट.’ आणि दुसरी बाही घालून कामाला गेला. सहा वर्षांच्या नातीनंही ‘आबा, ते कसंतरीच वाटतं’ एवढंच सांगितलं. ज्यांच्या घरचा नियम, त्यांनाच तो माहीत नाही. मोडला मात्र कुणी की लगेच कळतो!

शेवटी लायब्ररीतल्या व्याकरणानं हात दिला. काही ‘अप’ खरी शब्दयोगी अव्ययं असतात, काही क्रियापदाचेच भाऊबंद. ‘रॅन अप द हिल’ म्हणजे पळत टेकडी चढला. ‘रॅन अप अ बिल’ म्हणजे बिल चढवून ठेवलं. टेकडीचं ‘इट’ झालं तर ‘रॅन अप इट’, बिलाचं झालं तर ‘रॅन इट अप’. बिलं चढवणारी माणसं मी नोकरीभर पाहिली, पण त्यांचं व्याकरण टेकडीवाल्यांहून वेगळं असतं हे वसुलीच्या वेळी कुणी सांगितलं नाही. त्यात ‘पुट अप विथ इट’ असे तिघांचे कबिलेही असतात. तिथं ‘इट’ला मधे कुणी घेतच नाही.

माझी तक्रार काही नवी नाही. सॅम्युएल जॉन्सननं 1755 साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहिलं, की क्रियापदाला असला शेपटा लावून अर्थ बदलायची ही खोड परक्यांना सगळ्यात जड जाते. असल्या शेपटीवाल्या क्रियापदांचं ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकानं छापलं, तेही कोशकार हेन्री ब्रॅडलीनं सुचवलं म्हणून. म्हणजे नावं आधी ठेवली, नाव नंतर ठेवलं.

परवा दवाखान्यात गेलो. नर्स मोठी गोड मुलगी. ‘पॉप युवर जॅकेट ऑफ, रोल युवर स्लीव्ह अप, अँड पॉप युवरसेल्फ डाउन हिअर फॉर मी.’ युवरसेल्फ म्हणजे मीच, पॉप आणि डाउनच्या बरोब्बर मधे. मी पॉप झालो. पट्टा फुगला, आकडा आला. ती म्हणाली, ‘इट्स गॉन अप अ बिट. वुई नीड टु ब्रिंग इट डाउन.’

‘ब्रिंग इट डाउन!’ मी खूश होऊन म्हणालो, ‘नॉट ब्रिंग डाउन इट!’

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा पुन्हा एकदा बांधला.