मामा म्हणजे 'पालक' नाही

भाऊजी गेले आन दीड वर्षात बहीणही गेली. तेरवी आटोपल्यावर भाची नागपूरला मानेवाड्याला आमच्याकडंच राह्यली, नऊ वर्षाची होती. कोणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता, मामा हाये ना. एक नोटरी करून घेतली, शाळेनं ती ठेवून घेतली, मला वाटलं झालं काम.

बँकेत अडकलं. बहिणीनं पोरीच्या नावानं एफडी ठेवलेली. काउंटरवरच्या मॅडमनं माझा कागद उलटसुलट करून पाहिला, फॉर्मवरच्या 'पालक' शब्दावर पेन टेकवला, "दादा, तुम्ही मामा आहात, पालक नाही." लय राग आला, घरी येऊन बायकोसमोर तणतण केली. पण वकिलाकडं गेलो तं कळलं बाई बरोबर होत्या. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे आई-वडील, ते दोघंही नसले तं आजोबा, काका, मामा कोणीच आपोआप पालक होत नाही. मृत्युपत्रात नेमून ठेवलं असलं तं वेगळी गोष्ट, नाहीतं १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टाकडूनच नेमून घ्यावं लागते. नोटरीचा तिथं काही उपयोग नाही.

कोर्टाचं नाव काढताच भाऊजींचे बाबा बिथरले. त्यांना वाटलं पोरीचा बेस्याचा प्लॉट मी हडपतो. मला उलटं सांगायचंय, कोर्टाच्या कागदानं हात बांधले जातात ते माझेच. जजच्या परवानगीशिवाय त्या प्लॉटची मी वीटसुद्धा विकू शकत नाही, हिशेब मागितला तं द्यावा लागते. बिनकागदी मामावर कोण नजर ठेवते? हे समजल्यावर बाबांनी ना-हरकतीवर सही केली, चहा मात्र नाही घेतला.

ऑर्डर हाती यायला आठ महिने लागले. त्याच १८९० च्या कायद्याच्या कलम १२ खाली तात्पुरता आदेश मागता येते हे वकिलानं सहाव्या महिन्यात सांगितलं, काय म्हणावं बाप्पा! तुमच्याही घरी असं लेकरू असलं तं पहिल्याच दिवशी हे विचारून घ्या, आन भांडण नाही तं कोर्ट कशाला म्हणून थांबू नका, भांडण नाही तेव्हाच ना-हरकती मिळतात.

शेवटच्या तारखेला साहेबांनी पोरीला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं, मुलाला समज असली तं त्याचं म्हणणंही कोर्ट पाहते. मी बाहेर सिव्हिल लाईन्सच्या उकाड्यात घामानं भिजून राह्यलो होतो. आली बाहेर. काय विचारलं गं?

"वेणी कोण घालते विचारलं. मी सांगितलं मामी घालते, पण वाकडी घालते."