"मावशी, ठिपके कुठे आहेत?"

आज सकाळी ताईने शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला. येत्या जूनपासून दुसरीच्या प्रत्येक मुलाला टॅब सक्तीचा. अठरा हजार रुपये, आणि घ्यायचाही शाळेकडूनच. तेव्हापासून डोकं तापलंय.

माझा भाचा पहिलीत आहे. दिवाळीत आमच्याकडे आला होता, तेव्हा टॅबवर अक्षरं गिरवत बसायचा. ठिपक्यांवरून बोट फिरवलं की टाळ्या वाजतात, चांदण्या पडतात, 'शाब्बास' असा आवाज येतो. ळ आला. पठ्ठ्याने बोट उलटसुलट, भांडं घासावं तसं फिरवलं. तरी शाब्बास! मी त्याच्यापुढे पाटी ठेवली, म्हटलं, आता इथे काढ. पेन्सिल मुठीत धरून तो पाटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, ठिपके कुठे आहेत?"

पोटात कालवलं माझ्या.

आपण ळ कसा शिकलो? माझ्या बाई मागे उभ्या राहून हात धरून गिरवून घ्यायच्या. हात कुठे अडतोय ते त्यांना माझ्या मनगटावरूनच कळायचं. टॅबला काय कळतं? बोट फिरलं, एवढंच.

पेरू देशाने गावोगावच्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तपासणीचा अहवाल आला, तर गणितात आणि भाषेत काही फरक नाही. लॅपटॉप चालवायला मात्र मुलं शिकली होती. तसलेच लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगडातल्या खैराटच्या शाळेतही आले होते. इतकी वर्षं झाली, तरी आपण पुन्हा तिथेच?

हो, परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० मध्ये त्यांना जागतिक पुरस्कार मिळाला, मान्य. पण तिथे गुरुजी आधी होते, कोड नंतर आला. आणि डोळ्यांनी अधू असलेल्या मुलाला पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र मिळणार असेल तर जरूर द्या, त्याला कोण नाही म्हणतंय!

भाच्याच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि बाई एकच. अठरा हजार गुणिले साठ करा. दहा लाखांच्या वर जातात! एवढ्या पैशांत त्या वर्गाला वर्षभर आणखी दोन बाई मिळणार नाहीत? पण बाई नेमल्या तर जाहिरातीत फोटो काय छापणार!

सकाळी रागाच्या भरात ताईलाही नको ते बोलले. आता वाईट वाटतंय. ती संध्याकाळी सातला घरी येते, तो टॅबवर बसला की तिला कुकर लावायला अर्धा तास मिळतो. तिची काय चूक?

त्या दिवशी शेवटी मी त्याच्या मागे बसले आणि त्याचा हात धरला. आधी हात लाकडासारखा ताठ होता. पाच-सहा ळ झाल्यावर सैल पडला. मग मी हळूच सोडला, तर त्याला कळलंही नाही. पुढचा ळ त्याने एकट्याने काढला, वाकडा, एक गोल मोठा आणि एक चिमुकला. पाटी घेऊन घरभर दाखवत फिरला.

शनिवारी पालकसभा आहे. ताईबरोबर मीही जाणार आहे. त्या शाळेतले कोणी पालक हे वाचत असतील तर या, सोबत बोलू.