नकार द्या, पण कारण सांगा

आम्हाला सिंगापूरचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, नाकारला गेल्याचं समजल्यापासून मुलुंडच्या आमच्या घरी जो येतो तो हेच विचारतो, "पण नेमकं अडलं कुठे?" विचारणारी सगळी आपलीच माणसं, काळजीनेच विचारतात. आमच्याकडे उत्तर नाही आणि ते मिळणारही नाही, कारण नकाराचं कारण सांगायचं नाही हे तिथलं धोरणच आहे. अर्ज मंजूर झाला नाही, एवढंच कळवतात.

आधीच स्पष्ट करते, नकाराबद्दल माझी तक्रार नाही. साठ लाख वस्तीचं छोटंसं बेट आहे ते. 2023 मध्ये त्यांनी साधारण 34,500 लोकांना पीआर दिला. कुणाला कायमचं ठेवून घ्यायचं हा सर्वस्वी त्यांचा हक्क. माझा राग आहे तो न बोलता दिलेल्या नकारावर. असा नकार सरकारी कचेरीत राहत नाही, तो घरात येऊन ठाण मांडतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. नवरा म्हणाला, माझा पगार कमी पडला असेल. सासूबाईंना वाटलं, सुनेची नोकरी सुटली तिथेच घोडं अडलं. माझी नोकरी का सुटली? मी तिथे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर होते. आधी अशा बायकांना साध्या परवानगीपत्रावर काम करता यायचं. 1 मे 2021 पासून नियम बदलला आणि नोकरीसाठी स्वतंत्र वर्क पास लागायला लागला. मी ज्या लहानशा फर्ममध्ये हिशेब बघायचे, तिचा परदेशी कर्मचाऱ्यांचा कोटा आधीच भरलेला. जुनी परवानगी संपली आणि मी घरी बसले. यात माझा दोष नाही, हे मला माहीत आहे, नवऱ्यालाही माहीत आहे. तरी जेवताना विषय निघाला की घास घशात अडकतो.

मुलाचं तर याहून वाईट. आईवडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलग्यांना तिथे पुढे दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. मोठ्यांच्या बोलण्यात ते सतत यायचं. कुणी म्हणे मुलगा आहे म्हणजे अर्जाला वजन, कुणी म्हणे तो मोठा होत चाललाय म्हणून त्यांना शंका. एका रात्री तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "आई, माझ्यामुळे नाही ना मिळालं?" अकरा वर्षांच्या पोराला हा प्रश्न पडावा? "नाही रे बाळा" म्हणाले. पण खात्रीने सांगायला माझ्या हातात कागद कुठे होता?

कारण सांगितलं तर लोक त्याप्रमाणे अर्ज रंगवतील, असं या धोरणाच्या बाजूने बोललं जातं. अहो, ते आत्ताही रंगवतातच! खरं कारण कुणालाच ठाऊक नाही म्हणून तर सल्लागारांचं दुकान चालतं. आम्हालाही एकाने सांगितलं होतं, समाजसेवेची सर्टिफिकेटं जोडा, वृद्धाश्रमात जेवण वाढतानाचे फोटो जोडा. मी वृद्धाश्रमात खरोखर जात होते, तिथल्या आजींशी मोडक्यातोडक्या मलायमध्ये बोलत होते. त्यांचा फोटो अर्जाला लावायचा या कल्पनेनेच मला कसंतरी झालं. नाही लावला. आता तेवढ्यावरूनही लोक ऐकवतात.

आणि कागद किती जमवले होते! माझा जन्मदाखला सातारा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीचा, शाईने लिहिलेला, पूर्ण मराठी. फोर्टला जाऊन त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, नोटरी केली. पगाराच्या स्लिपा, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या कंपनीकडून भरून घेतलेलं परिशिष्ट. माणशी 100 सिंगापूर डॉलर फी, ती परत मिळत नाही. पैशांचं जाऊ दे, पण एवढं सगळं आयुष्य समोर मांडल्यावर उलट एक ओळ मागणं जास्त आहे का?

सगळीकडे असं नसतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्याला, बी-वन म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर 21 महिन्यांनी कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, ए-वन म्हणजे अगदी प्राथमिक असेल तर 27 महिन्यांनी. सगळं कायद्यात लिहिलेलं. कॅनडात नकाराच्या पत्रात कारण असतं आणि त्याविरुद्ध फेडरल कोर्टात दाद मागता येते. आपल्याकडे तरी काय? महाराष्ट्राच्या डोमिसाइलला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, हे तहसील कचेरीबाहेरचा अर्ज लिहून देणाराही सांगेल. मुंबईतल्या झोपडीवाल्यालाही मोफत पुनर्वसनासाठीची 1 जानेवारी 2000 ही तारीख पाठ असते. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्ये तर स्पष्ट म्हटलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित माणसाला द्यायची. अंमलबजावणीत हजार खोट असेल, पण कारण मागणं हा हक्क आहे, हे तरी इथे मान्य आहे.

सिंगापूरने मला खूप दिलं. रात्री अकराला एकटीने बसने घरी येताना कधी मागे वळून बघावं लागलं नाही. म्हणूनच हे टोचतं. सगळी गुपितं फोडा असं मी म्हणत नाही. वय, मिळकत, वास्तव्य, कोटा, यांपैकी कशामुळे, एवढी एक खूण पत्रावर केली तरी पुरे. कोटा भरला म्हणून नाकारलं असतं, तर माझ्या मुलाला मी त्याच रात्री निवांत झोपवलं असतं.

ज्यांचे अर्ज अजून लटकलेत त्यांना एक सांगते. मुलांच्या शाळेचा निर्णय पीआरवर टांगून ठेवू नका. पहिलीच्या प्रवेशात परदेशी मुलांचा नंबर सगळ्यात शेवटच्या टप्प्यात येतो, आणि दुसरीपासून पुढे प्रवेश परीक्षा आहे. तिची तयारी आत्ताच सुरू करा, नाहीतर इथल्या शाळेत वेळेत नाव घाला. आम्ही इथे घातलं. नवरा अजून तिकडेच आहे, त्याचा वर्क पास चालू आहे, नकाराने त्याला धक्का लागत नाही. हेही नातेवाइकांना नीट समजावून सांगा, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला देशातून हाकललंय.

आणि कुणाचा अर्ज नाकारला गेलाय असं कळलं, तर कृपा करून "कुठे अडलं" असं विचारू नका. पुढे काय ठरवलंय, ते विचारा.