येमेनच्या इमामांवरचा तो फॉरवर्ड: थापा किती आणि खरं किती

मावसभाऊ जहाजावर नोकरीला, रेड सीमधून जायचंय म्हणून मावशी आधीच धास्तावलेली, त्यात तिला कोणीतरी "हूथींचा हजार वर्षांचा इतिहास" पाठवला (हूथी म्हणजे येमेनमधली सशस्त्र संघटना). काय तर म्हणे, 1391 मध्ये येमेनचा इमाम, म्हणजे धर्मगुरू आणि राज्यकर्ता एकच, वारला, गादी वारशाने मुलाची, ती अहमद नावाच्या सुन्नी बंडखोराने बळकवायला बघितली, तो तुरुंगात कुजून मेला आणि आजचे हूथी त्याच राजघराण्यातले. अरे किती फेकाल!

सुन्नी कुठला? अहमद बिन यह्या अल-मुर्तझा झैदी, म्हणजे येमेनमधल्या शिया पंथाचाच, समोरचा मन्सूर अली, म्हणजे वारलेल्या इमामाचा मुलगा, तोपण झैदीच. येमेनमधले सुन्नी म्हणजे रसूली घराण्याचे सुलतान, ते तिकडे ताइझ आणि झबीद शहरांत.

पण डोक्यात गेलं ते "गादी वारशाने मुलाची". अहो, झैदींच्या शास्त्रात नेमकं हेच बसत नाही! पैगंबरांचे नातू हसन किंवा हुसेन यांच्या वंशातला हवा हे खरं, पण शिवाय माणूस धर्मशास्त्रात इतका तयार पाहिजे की निवाडा स्वतः काढू शकेल, आणि उघड दावा सांगून मैदानात उतरायची धमक पाहिजे. नुसतं अमक्याचा मुलगा म्हणून कोणी इमाम होत नाही. 1391 मध्ये तो इमाम, नासिर सलाहुद्दीन, वारल्यावर सना शहरातल्या काही उलेमांनी (धर्मपंडितांनी) अहमदला निवडलं ते विद्वत्ता बघूनच, बाकीचे मुलाच्या मागे गेले आणि जोर त्यांचा जास्त निघाला. शिवाय सादा शहराच्या बाजूला हादी अली बिन मुअय्यद हा तिसरा दावेदारही उभा राहिला, त्याचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही.

आणि कुजून मेला? सनाच्या तुरुंगात सातेक वर्षं होता आणि तिथेच त्याने 'अल-अझहार' लिहिलं, नमाज-जकातीपासून लग्न, खरेदी-विक्रीपर्यंतचे कायदे थोडक्यात सांगणारं. 1399 च्या सुमारास पहारेकऱ्यांच्या मदतीने पळाला तो 1436 च्या प्लेगपर्यंत जगला, आणि मन्सूर अलीही त्याच साथीत गेला. शौकानी, पुढच्या काळातला येमेनचा मुख्य काझी, त्याने या पुस्तकाची चिरफाड करणारा जाडजूड ग्रंथ लिहिलाय, पण आपल्या चरित्रकोशात तोच मान्य करतो की येमेनभरचे झैदी याच अहमदच्या पुस्तकांवर विसंबून आहेत. टीकाकारच असं म्हणतोय, आता अजून कोणाची साक्ष काढू?

बरं, व्यवहारात बापाची गादी मुलाकडे जायची हे मान्य, मन्सूर अली तसाच बसला आणि 45 वर्षं टिकला, पुढे कासिमी इमामांच्या घराण्यात तर सर्रास. हूथी सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या वंशातले, आहेत हेही खरं. पण 1962 मध्ये ज्यांची इमामत गेली ते हमीदुद्दीन घराणं, हूथी नव्हेत.