‘एका इंजेक्शनात थॅलेसीमिया बरा’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

थॅलेसीमिया मेजर हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार; यात शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवू शकत नाही आणि सतत रक्त चढवावं लागतं. तो असलेल्या मुलांच्या पालकांपर्यंत एक मजकूर पुन्हापुन्हा पोचतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘थॅलेसीमियावर जीन थेरपीचं इंजेक्शन निघालं आहे. एकदा घेतलं की खराब जीन निघून जातो, रक्त चढवणं सगळ्यांचं कायमचं बंद होतं, दुष्परिणाम शून्य, पुढची पिढीही सुरक्षित. तेव्हा आता रक्ताच्या आणि लोह काढणाऱ्या गोळ्यांच्या मागे फार लागू नका, थोडी वाट पाहा.’ त्याखाली कुणीतरी भीतीचं शेपूटही जोडतं: ‘यात एचआयव्ही अंगात सोडतात.’

उपचार खरा आहे, हे आधी मान्य करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२मध्ये ‘झिंटेग्लो’ या जीन थेरपीला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने ‘कॅसजेव्ही’ मान्य केलं. क्रिस्पर तंत्रावरचा, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याच्या तंत्रावरचा, कुठेही मान्यता मिळालेला हा पहिला उपचार. बातमीचं मूळ खरं असल्यामुळेच लोक मजकुराच्या शेवटच्या वाक्यावरही विश्वास ठेवतात, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्या वाक्याची आहे. त्याकडे शेवटी येते.

‘एक इंजेक्शन’

तयार पेशी शिरेतून परत देण्याचं काम थोड्या वेळात उरकतं. बहुधा एवढाच भाग कुणीतरी पाहिला असावा. त्याआधी आणि नंतर जे घडतं त्याला महिने लागतात.

सुरुवातीला रक्त चढवणं कमी होत नाही, उलट वाढवावं लागतं. पेशी गोळा करण्याआधी आणि केमोथेरपीआधी हिमोग्लोबिन काही आठवडे ११च्या वर टिकवून ठेवतात. मग फिलग्रास्टिम आणि प्लेरिक्साफॉर ही औषधं देऊन अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने त्या वेगळ्या करतात. पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत तर हा खटाटोप पुन्हा. त्यातल्या काही पेशी जशाच्या तशा गोठवून ठेवतात, कारण पुढे बदललेल्या पेशी रुजल्याच नाहीत तर रुग्णाला वाचवायला त्याच लागतात. बाकीच्या प्रयोगशाळेत जातात. तिथे बदल आणि चाचण्या होऊन परत यायला काही महिने.

त्या आल्या की बुसल्फान. ही केमोथेरपी जुनी अस्थिमज्जा रिकामी करते, कारण जुन्या पेशींनी जागा सोडल्याशिवाय नव्या पेशींना शिरकाव नाही. काही दिवस बुसल्फान, मग नव्या पेशी, मग पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत विलगीकरणाच्या खोलीत आठवडे. प्लेटलेट सावरायला त्याहून उशीर. या काळातही रक्त आणि प्लेटलेट द्यावे लागतात. याला इंजेक्शन म्हणायचं तर बायपासलाही टाका घालणं म्हणावं लागेल.

‘खराब जीन निघून जातो’

दोन्हींपैकी एकाही उपचारात तो जात नाही. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा ग्लोबिनच्या साखळ्यांचं बनतं. त्यातल्या बीटा ग्लोबिनचा बिघडलेला जीन अकराव्या गुणसूत्रावर होता तिथेच राहतो.

झिंटेग्लोमध्ये विषाणूच्या वाहनातून बीटा ग्लोबिनच्या चालू जीनची जादा प्रत पेशीत पोचवतात. ८७व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल मुद्दाम बदललेलं असतं, त्यामुळे नव्या जीनमुळे तयार झालेलं हिमोग्लोबिन किती आणि दात्याच्या रक्तातलं किती, हे वेगवेगळं मोजता येतं.

कॅसजेव्हीची युक्ती निराळी आहे आणि मला ती जास्त आवडते. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळ्या बांधणीचं असतं. त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं उत्पादन जवळजवळ थांबतं, आणि म्हणूनच थॅलेसीमिया मेजरचं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं आणि नंतर फिकं पडत जातं. हे उत्पादन थांबवणारा मुख्य घटक म्हणजे बीसीएल११ए नावाचा जीन. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या संशोधनातून त्याची भूमिका २००८मध्ये स्पष्ट झाली. कॅसजेव्हीत क्रिस्परने दुसऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल११एच्या अशा तुकड्यावर घाव घालतात जो लाल पेशींच्या घडणीतच त्या जीनला जोर देतो. अंकुश ढिला पडतो, गॅमा पुन्हा तयार होते आणि जोडीदाराविना साचून पेशी मारणाऱ्या अल्फा साखळ्यांना जोडीदार मिळतो.

एचआयव्हीचं शेपूट झिंटेग्लोबद्दल आहे. त्याचं वाहन एचआयव्हीच्याच कुळातून घडवलेलं आहे, हे खरं. पण आजार करणारे आणि स्वतःच्या प्रती काढणारे जीन त्यातून काढून टाकलेले असतात. संसर्ग होत नाही. मात्र उपचारानंतर एचआयव्हीची पीसीआर चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पुढे कुठेही रक्त तपासताना हे सांगून ठेवावं. कॅसजेव्हीत हा विषाणू वापरतच नाहीत.

‘सगळ्यांचं, कायमचं’

आकडे खरोखर चांगले आहेत, म्हणून ते फुगवण्याची गरजच नव्हती. झिंटेग्लोच्या २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२पैकी २० जणांना रक्ताची गरज उरली नाही. कॅसजेव्हीच्या २०२४च्या निकालांत ३५पैकी ३२ जणांना. गरज उरली नाही याचा अर्थ तिथे ठरवून दिलेला आहे: रक्त न घेता सलग किमान १२ महिने हिमोग्लोबिन सरासरी ९ किंवा वर.

रुग्णाचं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, कोणतं, यानेही फरक पडतो. झिंटेग्लोच्याच २०१८मध्ये आलेल्या आधीच्या निकालांत थोडंफार बीटा ग्लोबिन बनवू शकणाऱ्या १३पैकी १२ जणांचं रक्त थांबलं. जवळजवळ काहीच बनत नसलेल्या गटात मात्र ९पैकी तिघांचंच. बाकीच्यांना रक्त कमी लागू लागलं, आणि ज्याला दर तीन आठवड्यांनी सुई टोचून घ्यावी लागते त्याच्यासाठी तेही कमी नाही. पण मजकुरात लिहिलंय ते हे नव्हे.

‘कायमचं’बद्दल सांगायचं तर थॅलेसीमियासाठी जीन थेरपी मिळून रक्त थांबलेला पहिला रुग्ण २००७मधला, पॅरिसचा. त्याआधीचा अनुभव कुणाकडेच नाही. आता उपचार घेतलेल्यांवर १५ वर्षं नजर ठेवतात ती यासाठीच.

‘दुष्परिणाम शून्य’

सगळ्यात मोठा धोका जीनपेक्षा बुसल्फानचा आहे. तोंड सोलवटणं, संसर्ग, यकृतातल्या बारीक शिरा बुजणं आणि वंध्यत्व. शेवटच्याबद्दल उपचाराआधीच बोलून बीजांडं किंवा शुक्राणू गोठवण्याचा विचार करावा लागतो. मुलगा-मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर हे बोलणं किती अवघड होतं, ते आईबापच जाणोत. २०२४मध्ये सिकल सेलसाठीच्या अशाच एका जनुकीय उपचाराच्या चाचणीत रुग्ण दगावला, आणि त्याचा संबंध बुसल्फानशी असावा असं कंपनीनेच सांगितलं.

दुसरी भीती रक्ताच्या कर्करोगाची. जुन्या धाटणीच्या विषाणूवाहनांमुळे २००२च्या सुमारास प्रतिकारशक्तीच्या आजारासाठी जीन थेरपी घेतलेल्या काही मुलांना ल्युकेमिया झाला होता. झिंटेग्लो बनवणाऱ्या कंपनीच्याच, मेंदूच्या एका आजारावरच्या उपचारातही काही रुग्णांना रक्ताचे कर्करोग झाले. झिंटेग्लोच्या चाचण्यांत मान्यतेपर्यंत असं आढळलं नव्हतं, तरी इशारा माहितीपत्रकात आहे.

खरा फायदा मात्र मजकूर लिहिणाऱ्याला सुचलाच नाही. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा, अस्थिमज्जा प्रत्यारोपणातला धोका इथे नाही. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ज्यांचं कुणीच जुळत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. लहान वयात भावंड जुळत असेल तर प्रत्यारोपणाचा अनुभव १९८०च्या दशकापासूनचा आहे. तो पर्याय डावलून जीन थेरपीची वाट पाहणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

‘पुढची पिढी सुरक्षित’

साफ खोटं. बदल होतो तो रक्ताच्या मूळपेशींत. बीजांडं आणि शुक्राणू तसेच राहतात. मेजर रुग्णाचं प्रत्येक मूल किमान वाहक असणारच, आणि जोडीदार मायनर, म्हणजे वाहक, असेल तर प्रत्येक खेपेला मूल मेजर होण्याची शक्यता निम्मी. सायप्रसमध्ये मेजर मुलांचे जन्म कमी झाले ते वाहकांच्या तपासणीमुळे. जीन थेरपी तेव्हा नव्हतीच.

‘रक्ताच्या आणि गोळ्यांच्या मागे लागू नका’

वाट पाहायला सांगणं सोपं आहे. पण मान्यता मिळाली म्हणजे उपचार हाताशी आला असं होत नाही: कॅसजेव्हीची मान्यता १२ वर्षं आणि पुढच्यांसाठी आली, आणि झिंटेग्लो बनवणाऱ्या कंपनीने किमतीवर एकमत न झाल्याने युरोपातून काढता पाय घेतला. या वाटेत रक्त कमी केलं तर अस्थिमज्जा फुगते, चेहऱ्याची हाडं बदलतात, प्लीहा वाढते.

गोळ्या सोडल्या तर लोह. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीरातून रोज बाहेर पडतं ते एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं यकृतात, हृदयात आणि संप्रेरकांच्या ग्रंथींत जमतं. डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन किंवा डेफेरॉक्सामिन ही औषधंच ते काढतात.

आणि जीन थेरपीसाठी निवड करताना नेमकं हेच तपासतात. हृदयाच्या एमआरआयमध्ये टी-टू-स्टार हे लोहाचं माप १० मिलिसेकंदांच्या खाली असेल, म्हणजे हृदयात फार लोह साठलं असेल, किंवा यकृत फार खराब झालं असेल, अशा रुग्णांना झिंटेग्लोच्या चाचण्यांत घेतलं नव्हतं. बुसल्फान सोसायला धड यकृत लागतं. म्हणजे या मजकुरावर विसंबून ज्याने पाच वर्षं गोळ्या सोडल्या, तोच दारातून परत फिरवला जाण्याची शक्यता जास्त. ज्याचं फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचं रक्तातलं माप, आटोक्यात आहे, त्याच्यासाठी दार निदान उघडं राहतं.

उपचार यशस्वी झाला तरी आधी साठलेलं लोह आपोआप जात नाही. हिमोग्लोबिन पुरेसं वाढलं की थोडंथोडं रक्त काढून ते उतरवतात, आणि तसं जमत नसेल तर त्याच गोळ्या पुन्हा सुरू होतात.