‘ड्रायव्हर जुना झाला’ हे प्रत्येक बिघाडाचे उत्तर नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील व्हॉट्सअॅप गटांवर घरच्या संगणकाविषयीचा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. गटागणिक त्याचे शब्द बदलतात, कधी तो कन्नडमधूनही येतो, पण सांगणे तेच असते. ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर, कीबोर्ड यांसारखे उपकरण विंडोजकडून चालवून घेणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, चूक वारंवार दिसत असेल तर ड्रायव्हर जुना झाला असे समजावे; डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या उपकरणांच्या यादीत, २००६ सालची तारीख दिसली तर शंकाच नको. एखादे मोफत ड्रायव्हर अपडेटर घालून सगळे ड्रायव्हर एकदम नवे करावेत. विंडोज अपडेट कायमचे बंद ठेवावे, कारण जुलै २०२४ मध्ये जगभरचे संगणक त्यानेच बंद पाडले. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींचा साठा, साफ करावी. एवढ्यावरही चूक आलीच तर फॉरमॅट मारावा, म्हणजे ती पुन्हा येत नाही. या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, पण ते जिथे आहे तिथे संदेश बोट ठेवत नाही, आणि जिथे बोट ठेवतो तिथे ते नाही.

तारखेपासून सुरुवात करावी, कारण हे विधान कोणालाही स्वतःच्या संगणकावर तपासून पाहता येते. कीबोर्ड, माऊस, डिस्क यांच्यासाठी विंडोजबरोबरच येणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते, आणि कालच अद्ययावत केलेल्या संगणकावरही ती तशीच दिसते. मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून ठेवली आहे. एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज अलीकडच्या तारखेचा ड्रायव्हर निवडते. त्यामुळे विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरावर प्रत्येक अपडेटबरोबर नवी तारीख पडत गेली असती, तर उपकरणाच्या निर्मात्याने खास लिहिलेला ड्रायव्हर बाजूला सारला गेला असता. तो अग्रक्रम निर्मात्याकडे राहावा म्हणून विंडोज व्हिस्टाच्या काळातील एक तारीख गोठवून ठेवली आहे. आतला ड्रायव्हर बदलतो आणि त्याचा आवृत्ती क्रमांकही बदलतो. तारीख तेवढी बदलत नाही. इंटेल तर याहून पुढे गेली: तिच्या चिपसेटच्या अनेक ड्रायव्हरांवर १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनीच्या स्थापनेची तारीख छापलेली असते. संदेशाचा न्याय लावायचा तर तो ड्रायव्हर संगणकाच्या मालकापेक्षाही वयाने मोठा ठरेल.

आता ‘चूक वारंवार येते म्हणजे ड्रायव्हर जुना’ या मूळ विधानाकडे वळू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसणाऱ्या उपकरणावर दोनदा क्लिक केल्यास पहिल्याच पानावर एक वाक्य आणि कंसात एक कोड येतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड २२ म्हणजे ते उपकरण बंद करून ठेवलेले आहे. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब झाली आहे किंवा जागेवरच नाही, आणि कोड ५२ म्हणजे तिच्यावरील डिजिटल सहीची खात्री पटली नाही. या चारही अडचणींवरील उपाय एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि ‘तुमचा ड्रायव्हर जुना आहे’ असे यांपैकी एकही कोड म्हणत नाही. कोड न वाचता सुचवलेला उपाय हा अंदाजच असतो, मग तो गटावर कितीही जणांनी पुढे पाठवलेला असो.

यूएसबी उपकरणाच्या बाबतीत येणारा कोड ४३ याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्याच्यासोबत बहुधा ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असे नाव आणि डिस्क्रिप्टर मागितला पण मिळाला नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. उपकरण जोडले की संगणक प्रथम त्याला ‘तू कोण’ हे विचारतो. उत्तर म्हणून उपकरण आपला निर्माता आणि प्रकार सांगणारी माहिती पाठवते, आणि त्या माहितीवरून पुढे ड्रायव्हर निवडला जातो. ही माहितीच आली नसेल तर प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर अजून प्रसंगात उतरलेलाच नाही, आणि जो उतरलेला नाही तो नवा करून काही साधत नाही. दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये, विजेच्या पुरवठ्यात किंवा खुद्द उपकरणात शोधावा लागतो. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत आणि ३.० चा ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देण्यासाठी आखलेला आहे. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला ती आतल्या बारीक तारांमधून मिळते, म्हणून बाहेरची हार्ड डिस्क पुढे अडखळते आणि मागच्या पोर्टवर सुरळीत चालते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात पोर्टचे संपर्क दमटपणाने काळवंडतात, आणि तेव्हाही नेमका हाच कोड दिसू शकतो.

कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळीव कोसळून गेल्यावर अनेक घरांत इंटरनेट बंद पडते. विजेचा झटका पुष्कळदा प्लगमधून न येता बाहेरून आलेल्या केबलमधून लॅन पोर्टपर्यंत पोहोचतो. नेटवर्क कार्ड अर्धवट जळते, ते संगणकाला दिसते पण सुरू होत नाही. अशा कार्डाचा ड्रायव्हर दहादा बसवला तरी चूक दहादा येते, कारण ड्रायव्हर निर्दोष आहे. चारपाचशे रुपयांचा यूएसबी लॅन अॅडॅप्टर लावून इंटरनेट चालू झाले, तर प्रश्न तिथेच मिटतो.

याच कोडचा दुसरा प्रकार संदेशाच्या दाव्याला थेट छेद देतो. वजनकाटा किंवा जुनी यंत्रे जोडण्यासाठी यूएसबी-सिरियल केबल वापरतात, आणि त्यांतील पुष्कळ केबलींमध्ये प्रोलिफिक कंपनीची जुनी किंवा तिची नक्कल केलेली चिप असते. कंपनीचे नवे ड्रायव्हर अशा चिपला ओळखून नाकारतात. जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर घातला की तीच केबल चालते. इथे ड्रायव्हर नवा होणे हेच चूक येण्याचे कारण आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने तर नकली चिपांची ओळखच पुसून टाकली होती, आणि लोकांच्या हाती निकामी केबली राहिल्या.

मग चूक पुन्हापुन्हा का येते, या प्रश्नाला संदेश हातच लावत नाही. त्याची दोन कारणे मला सर्वांत अधिक आढळतात. ड्रायव्हर काढताना ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडल्यावर एक चौकोन दिसतो, ज्यात ड्रायव्हरही काढून टाकायचा का असे विचारलेले असते. त्यावर खूण न करता पुढे गेल्यास यादीतून फक्त उपकरणाची नोंद जाते. ड्रायव्हरची प्रत विंडोजच्या ‘ड्रायव्हर स्टोअर’ या कोठारात राहते, आणि संगणक पुन्हा सुरू होताच विंडोज तीच प्रत मुकाट्याने परत बसवते. वापरणाऱ्याला वाटते की आपण ड्रायव्हर बदलला, प्रत्यक्षात बिघडलेलाच परत आलेला असतो. दुसरे कारण ‘फास्ट स्टार्टअप’ हे आहे. विंडोज ८ पासून संगणक ‘शट डाउन’ केला तरी विंडोजचा गाभा आणि त्यातील ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जतन होते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. रात्रभर बंद ठेवूनही सकाळी तीच चूक दिसते ती यामुळे. ‘रीस्टार्ट’ केल्यास मात्र सगळे नव्याने सुरू होते. शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ निवडल्यासही संगणक पूर्ण बंद होतो, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय कायमची काढूनही टाकता येते. लॅपटॉपचे वायफाय किंवा ब्लूटूथ झोपेतून उठल्यावरच रुसत असेल, तर त्या उपकरणाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावरील वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची परवानगी काढून पाहावी.

मोफत ड्रायव्हर अपडेटरविषयी माझे मत कडक आहे: घरच्या संगणकावर त्याचे काम नाही. ते ‘पंचवीस ड्रायव्हर जुने’ असा लाल आकडा दाखवते, पण जुना आणि सदोष यांत फरक करत नाही. लॅपटॉपचा आवाज, टचपॅड आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर पुष्कळदा त्या मॉडेलसाठी बदलून घेतलेले असतात. चिप तीच आहे एवढे पाहून सर्वसाधारण ड्रायव्हर घातला की स्पीकर गप्प होतो किंवा टचपॅडच्या दोन बोटांच्या खुणा चालेनाशा होतात. शिवाय सगळे ड्रायव्हर एकाच दिवशी बदलले तर नव्या बिघाडाला त्यांपैकी कोण जबाबदार, हे शोधण्याचा मार्गच बंद होतो. बंगळूर-पुण्याकडून आलेला वापरलेला संगणक असेल आणि कोणते उपकरण आहे हेच कळत नसेल, तरी अपडेटर लागत नाही. ‘डिटेल्स’ पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे; पीसीआय, म्हणजे संगणकाच्या आत जोडलेल्या, उपकरणाच्या आयडीत ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर निर्माता इंटेल, १००२ असेल तर एएमडी, १०डीई असेल तर एनव्हिडिया आणि १०ईसी असेल तर रिअलटेक. त्यानंतर ड्रायव्हर संगणकाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा, तिथे नसेल तर चिपच्या निर्मात्याकडून. विंडोज अपडेटमधील ‘ऑप्शनल अपडेट्स’ या भागातही ड्रायव्हर असतात, पण ते अडचण असेल तरच घ्यावेत.

आपल्या भागासाठी एक बारीकशी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. संगणकावरील खात्याचे नाव देवनागरीत किंवा कन्नड लिपीत ठेवले असेल तर काही जुने इन्स्टॉलर तात्पुरत्या फाइलींचा मार्ग वाचू शकत नाहीत आणि अर्ध्यात थांबतात. इंग्रजी अक्षरांतील नावाचे दुसरे खाते उघडून तिथून ड्रायव्हर बसवला की काम होते.

विंडोज अपडेटवरील आरोपात तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. अपडेट कधीकधी चांगला चाललेला ड्रायव्हर बदलते आणि प्रिंटर किंवा ग्राफिक्स बिघडते. पण त्यासाठी आधीचा ड्रायव्हर परत आणणारे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आहे, आणि अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवण्याची सोयही आहे. बिघाड अपडेटनेच झाला का, हेही पाहता येते: स्टार्टच्या शोधात ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केल्यावर उघडणाऱ्या तक्त्यात कोणत्या दिवशी काय बसवले गेले आणि कोणत्या दिवशी काय कोसळले हे एकाखाली एक दिसते. चुका अपडेटच्या आधीपासून सुरू असतील तर अपडेट निर्दोष आहे. राहिले १९ जुलै २०२४ चे उदाहरण. त्या दिवशी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आपल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पण ते विंडोज अपडेटने घडले नाही. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी पाठवलेली सदोष फाइल त्याच कंपनीच्या ड्रायव्हरने वाचली आणि विंडोज कोसळले. ते सॉफ्टवेअर मुख्यतः मोठ्या संस्था वापरतात. विंडोज अपडेट बंद ठेवूनही त्या दिवशी कोणी वाचले नसते. उलट मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजच्या ज्या त्रुटीतून शिरकाव केला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये अपडेटमधूनच दिलेली होती.

रजिस्ट्रीवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. रजिस्ट्रीशी खरोखर संबंध असलेला कोड १९ आला, तर त्या एका उपकरणाची नोंद काढून संगणक रीस्टार्ट करावा. डीव्हीडी ड्राइव्हच्या बाबतीत ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी काढण्याचा उपाय प्रसिद्ध आहे, पण तो रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवल्याशिवाय करू नये.

फॉरमॅटचा सल्ला संदेशाने शेवटी दिला असला तरी लोक तो प्रथम अमलात आणतात, आणि त्यात श्रीलिपी, नुडी यांचे फाँट, हिशेबाची माहिती, डिजिटल सहीच्या टोकनची मांडणी असे सगळे जाते. त्याआधी दोन परीक्षा फुकट करता येतात. उपकरण वेगळ्या केबलने शेजारच्या संगणकाला जोडून पाहावे. संगणकाच्या आतले उपकरण असेल तर उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह तयार करून, काहीही न बसवता, त्यावरून संगणक सुरू करावा. वायफाय किंवा आवाज तिथे नीट चालला तर दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही उपकरण दिसेनासे किंवा बंद असेल तर बहुधा यंत्राचाच दोष आहे, आणि फॉरमॅट करून केवळ एक दिवस वाया जाईल. निळा पडदा येऊन दरवेळी वेगळ्याच ड्रायव्हरचे नाव दिसत असेल, तर विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चालवून रॅम तपासावी, कारण सदोष रॅम निरपराध ड्रायव्हरांवर आळ आणते.

एका बाबतीत मात्र ना अपडेटर उपयोगी पडते, ना फॉरमॅट. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक जण विंडोज ११ वर आले आहेत किंवा येत आहेत, आणि विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्ती नाही. ज्या जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटसाठी निघाला, तो तिथे चालणार नाही. काही जुने ६४ बिट ड्रायव्हरही ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा अडवते, आणि कोणते ते विंडोज सिक्युरिटीमधील ‘कोअर आयसोलेशन’च्या पानावर नावानिशी दिसते. ती सुरक्षा बंद करून प्रिंटर चालवणे शक्य असले तरी बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर मी ते करणार नाही. असा प्रिंटर जुन्या संगणकालाच जोडून, त्या संगणकाचे इंटरनेट काढून वापरावा, किंवा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा नेटवर्क प्रिंटर घ्यावा.