करमाफी चाळिसाव्या वर्षी, पण गाडी मोडीत जाते पंचविसाव्या वर्षी

जुन्या मोटारींना वाहनकरातून सूट देण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : सूट कितव्या वर्षी द्यायची? पंचविसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या की पन्नासाव्या? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्या गाडीने चाळिशी गाठली, ती बहुतेक वेळा आधीच वाचलेली असते. तिला मालक मिळालेला असतो, तिची किंमत पुन्हा चढू लागलेली असते आणि तिच्यावर खर्च करणे व्यवहाराच्या दृष्टीनेही समजण्यासारखे असते. खरी कत्तल त्याच्या आधीच्या वीस वर्षांत होते, आणि नेमक्या त्याच काळात बहुतेक देशांचे करधोरण त्या गाडीकडे केवळ एक जुनाट, नकोसे वाहन म्हणून पाहते.

मोटारीच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे साधारण पंधराव्या वर्षापासून पस्तिसाव्या वर्षापर्यंतचा. या काळात तिची बाजारातली किंमत तळाला गेलेली असते. गिअरबॉक्स उघडायचा झाला, तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा झाला किंवा आतल्या सजावटीचे मूळ कापड मिळवायचे झाले, तर एका कामाचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. अशा वेळी मालक हिशेब मांडायला बसतो, आणि त्या हिशेबात दरवर्षी ठरलेल्या दिवशी येणारी एक रक्कम असते, ती म्हणजे कर. गाडी वर्षभरात पन्नास हजार किलोमीटर धावली काय किंवा चार-दोन वेळा बाहेर निघाली काय, रक्कम तीच. केवळ कर भरावा लागतो म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही, हे मला मान्य आहे. परंतु डळमळीत झालेल्या मनाला शेवटचा धक्का देण्याचे काम हा कर करतो. दुर्मिळ आणि महागड्या गाड्यांना याची झळ लागत नाही, कारण त्यांच्या मालकांना असल्या रकमांची क्षिती नसते. नाहीशा होतात त्या लाखो सामान्य कुटुंबांनी वापरलेल्या साध्या गाड्या, ज्या एकेकाळी सर्वत्र दिसत असल्यामुळेच कोणाला जपाव्याशा वाटल्या नाहीत.

या बाबतीत ब्रिटनचा इतिहास बारकाईने पाहण्यासारखा आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यास पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींना वाहनकर माफ झाला, आणि ही रेषा सरकती होती, म्हणजे दरवर्षी एका नव्या वर्षाच्या गाड्या सवलतीत येत होत्या. १९९७ मध्ये सत्तांतर झाल्यानंतर ही रेषा गोठवण्यात आली. १ जानेवारी १९७३ पूर्वी बनलेल्या गाड्यांना माफी कायम राहिली आणि त्यानंतरच्या सर्व गाड्या, कितीही जुन्या झाल्या तरी, कराच्या कक्षेत राहिल्या. परिणाम असा झाला की १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाडीच्या बाबतीत, डिसेंबर १९७२ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी करमुक्त, आणि पुढच्याच महिन्यात त्याच कारखान्यातून निघालेली तिची जुळी बहीण पूर्ण कर भरणारी, अशी अवस्था अनेक वर्षे टिकली. या भेदाला यंत्रशास्त्रात आधार नव्हता, इतिहासात नव्हता आणि पर्यावरणाच्या हिशेबातही नव्हता. त्याचे कारण एकच होते : तिजोरीला एक स्थिर रेषा सोयीची वाटली.

जुन्या वाहनांच्या क्लबांचा तिथला महासंघ आणि सामान्य मालक यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. २०१३ च्या अर्थसंकल्पात रेषा एका वर्षाने पुढे सरकवण्याचे जाहीर झाले आणि २०१४ च्या अर्थसंकल्पात चाळीस वर्षांची सरकती माफी कायमची स्वीकारली गेली. आज दरवर्षी १ एप्रिलला आणखी एका वर्षाच्या गाड्या तिच्यात येतात. रेषा सरकती असणे ही मला या संपूर्ण विषयातली पहिली आणि अढळ अट वाटते. तारीख गोठवली की आपण नकळत असे जाहीर करतो की इतिहास त्या दिवशी संपला आणि त्यानंतर माणसाने बनवलेले काहीही जपण्याच्या लायकीचे नाही.

मात्र सरकती असूनही चाळीस वर्षांची ती रेषा माझ्या मूळ शंकेचे उत्तर देत नाही. मार्च २००१ पूर्वी नोंदल्या गेलेल्या मोटारींना ब्रिटनमध्ये इंजिनाच्या आकारावरून कर लागतो आणि १५४९ सीसीच्या वर गेलेल्या प्रत्येक गाडीला एकच वरचा दर आहे. तीस वर्षांची, वर्षातून थोडीशीच चालणारी कौटुंबिक गाडी आणि रोज कामावर जाणारी गाडी यांत कर फरक करत नाही. तिथे एक पळवाट, खरे तर एक शहाणी सोय, आहे : गाडी रस्त्यावर आणणार नाही असे अधिकृतपणे कळवले, तर कर भरावा लागत नाही आणि भरलेल्या कराचे उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात. ज्यांना हे ठाऊक आहे, ते पावसाच्या आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते त्या महिन्यांत गाडी आत ठेवतात आणि त्यामुळे गाडीचा पत्राही वाचतो.

जर्मनीने याच कल्पनेला नीट आकार दिला आहे. तिथे १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या गाड्यांना नंबरप्लेटच्या शेवटी एच हे अक्षर मिळू शकते. ते आपोआप मिळत नाही. मान्यताप्राप्त तज्ज्ञाने गाडी तपासून ती मूळ स्वरूपाच्या जवळ आहे आणि चांगल्या स्थितीत जपलेली आहे, असा अहवाल द्यावा लागतो. तो मिळाला की इंजिन कितीही मोठे असले तरी मोटारीला वर्षाला १९१.७३ युरो आणि दुचाकीला ४६.०२ युरो इतका ठरावीक कर लागतो, आणि शहरांतल्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्रांत प्रवेशही मिळतो. याच्या जोडीला हंगामी नोंदणी आहे. वर्षातले कोणते सलग महिने गाडी चालणार हे नंबरप्लेटवरच छापलेले असते आणि कर त्या महिन्यांपुरताच लागतो. ही हंगामी सोय वयाशी बांधलेली नाही, त्यामुळे वीस-बावीस वर्षांच्या गाडीलाही ती आधार देते. माझ्या मते जुन्या मोटारी वाचवण्यात सर्वांत कमी गाजलेले आणि सर्वांत उपयुक्त असे हेच हत्यार आहे.

विरोधकांची बाजूही नीट ऐकली पाहिजे, आणि त्यासाठी नेदरलँड्सकडे पाहावे. तिथे एकेकाळी पंचविसाव्या वर्षी माफी मिळत असे. तिथला वाहनकर जड, विशेषतः डिझेल आणि एलपीजीच्या गाड्यांना. साहजिकच लोकांनी परदेशातून पंचविशी ओलांडलेल्या डिझेल आणि एलपीजी गाड्या आणून त्या रोजच्या वापरात घातल्या. त्यांत जतन कसलेच नव्हते, केवळ करबचत होती. २०१४ मध्ये सरकारने रेषा थेट चाळिसाव्या वर्षावर नेली. ज्यांनी प्रामाणिकपणे जपले, त्यांनाही या बडग्याचा मार बसला. मात्र त्या कायद्यातल्या एका तरतुदीचे मला मनापासून कौतुक वाटते. १९८८ पूर्वीच्या, चाळिशी न गाठलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी एक मधला मार्ग ठेवला गेला : कर एक चतुर्थांश, त्यालाही वरची मर्यादा, आणि बदल्यात डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीन महिने गाडी रस्त्यावर आणायची नाही. रोजच्या प्रवासासाठी गाडी लागणारा माणूस तीन महिने तिच्याशिवाय राहू शकत नाही, त्यामुळे खरा जतन करणारा आणि नुसता कर चुकवणारा यांची निवड आपोआप होते. दुर्दैव इतकेच की तो मार्ग संक्रमणापुरता ठेवला, पुढच्या पिढीच्या गाड्यांसाठी नाही.

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले आणि ते पाऊल स्वागतार्ह होते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि फेरनोंदणीचे शुल्क पाच हजार. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच गाडी बाहेर काढता येते. पण पन्नास वर्षे हा आकडा पुन्हा वाचावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार झाले. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत, तब्बल पस्तीस वर्षे, गाडीला वारसा म्हणून काहीच ओळख नाही आणि वयानुसार वाढत जाणारा भार मात्र आहे. या पस्तीस वर्षांच्या दरीतून जे पार पडेल, त्याचा आम्ही सन्मान करू, असे हे धोरण सांगते. बी पेरल्यावर पाणी न घालता फळाची वाट पाहण्यासारखे ते आहे.

धोरणाच्या मसुद्यातल्या एका ओळीने किती फरक पडतो, याचे उदाहरण २००९ या एकाच वर्षात मिळते. त्या वर्षी अमेरिकेत जुनी गाडी देऊन नवी घेण्यासाठी सरकारी अनुदानाची योजना आली. सुमारे पावणेसात लाख गाड्या जमा झाल्या आणि त्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ती कायमची निकामी करण्यात आली. परंतु योजनेत अट होती की गाडी पंचवीस वर्षांपेक्षा कमी वयाची असावी. त्या एका अटीमुळे त्याहून जुन्या गाड्या या यंत्राच्या तोंडी गेल्या नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनने दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी दोन हजार पौंडांची योजना आणली. तिथे वरच्या वयाचे असे कुंपण नव्हते, आणि जपण्याजोग्या कितीतरी गाड्या नव्या गाडीवरच्या सवलतीसाठी भंगारात गेल्या. मसुदा तयार होत असतानाच कोणी तरी बोलले असते, तर त्या वाचल्या असत्या.

म्हणून मला सार्वजनिक याचिकांचे मोल वाटते, आणि म्हणूनच त्या कशा लिहिल्या जातात याची चिंता वाटते. ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर याचिका सहा महिने खुली असते. दहा हजार स्वाक्षऱ्यांना सरकार लेखी उत्तर देते आणि एक लाख स्वाक्षऱ्या झाल्या की चर्चेसाठी तिचा विचार होतो. जर्मनीच्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने एकट्याने किंवा सामूहिकपणे विनंती करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. वाहनचालकांच्या स्वाक्षऱ्यांत किती बळ असते, हे २००७ मध्ये दिसले. रस्ता वापरण्यावर अंतरानुसार आकार लावण्याच्या ब्रिटिश प्रस्तावाविरुद्ध तेव्हा पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर अठरा लाखांच्या आसपास स्वाक्षऱ्या जमल्या. पंतप्रधानांना स्वतः उत्तर द्यावे लागले आणि देशव्यापी योजना पुढे सरकली नाही. अर्थात तिथे प्रत्येक चालकाच्या खिशाचा प्रश्न होता. जुन्या मोटारी जपणारे मूठभर असतात, त्यांना संख्येच्या जोरावर जिंकता येत नाही. त्यांना मागणीच्या नेमकेपणावर जिंकावे लागते.

या विषयावरच्या बऱ्याच याचिकांत ‘आमचा वारसा वाचवा’ असे आवाहन असते आणि त्यापुढे काहीच नसते. अशा मागणीला शासनाचे उत्तरही ठरलेले असते : वारशाचे महत्त्व आम्ही जाणतो, सध्या बदलाचा विचार नाही. नेमकी मागणी अशी टाळता येत नाही. कोणत्या कायद्यातले कोणते कलम, कोणत्या वयापासून, कोणत्या अटींवर आणि गैरवापर कसा रोखणार, हे लिहिले की संबंधित खात्याला त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला होय किंवा नाही म्हणावे लागते आणि नाही म्हटले तर कारण द्यावे लागते. व्याख्याही नव्याने शोधायची गरज नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिव्हाची, व्याख्या तयार आहे : किमान तीस वर्षे जुने, इतिहासाला धरून जपलेले, रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन. युरोपीय संघाच्या २०१४ च्या वाहनतपासणीविषयक निर्देशातही तीस वर्षे वय, उत्पादन बंद झालेले असणे आणि मुख्य भागांत मोठे बदल नसणे या अटी कायद्याच्या भाषेत मांडलेल्या आहेत.

प्रदूषणाचा आक्षेप टाळून याचिका लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कार्बुरेटरवर चालणाऱ्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारे उपकरण) नसलेल्या इंजिनाचा धूर प्रत्येक किलोमीटरमागे आजच्या गाडीपेक्षा कितीतरी घातक असतो आणि हे उघडपणे मान्य करावे. प्रश्न एकूण धुराचा आहे, आणि तो किती किलोमीटर धावले यावर ठरतो. म्हणून जतन करणाऱ्यांनी स्वतःहून वापराची मर्यादा मागावी, असे मी म्हणेन. सवलतीच्या बदल्यात मर्यादा स्वीकारणारा माणूस फुकटची माफी मागणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो. ब्रिटनमधला क्लबांचा महासंघ वेळोवेळी सर्वेक्षणे करतो, जुन्या गाड्या वर्षाला किती चालतात आणि त्यांच्या देखभालीतून किती लोकांना काम मिळते याचे आकडे मांडतो, आणि त्यामुळेच त्याचे म्हणणे ऐकले जाते. हातोडीने पत्र्याला गोलाई देणारे, कार्बुरेटर कानाने जुळवणारे, गादीकाम करणारे कारागीर या गाड्यांवर जगतात. गाड्या गेल्या की ही कौशल्ये दुसऱ्या कोणत्याही धंद्यात तग धरत नाहीत.

माझ्या मनातली मागणी अशी आहे. वीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या आणि तज्ज्ञाने तपासलेल्या मोटारीला जतनाधीन वाहन म्हणून नोंदवून घ्यावे, आणि तिचा वार्षिक कर किंवा नूतनीकरणाचे शुल्क एक चतुर्थांश करावे. त्या बदल्यात मालकाने वर्षातले काही ठरलेले महिने गाडी रस्त्यावर न आणण्याचे लिहून द्यावे आणि किलोमीटरची मर्यादा पाळावी. ओडोमीटरची नोंद नियमित तपासणीच्या वेळी व्हावी, आणि मर्यादा ओलांडली तर त्या वर्षाचा पूर्ण कर दंडासह वसूल व्हावा. तीस वर्षे पूर्ण झाल्यावर, जपणूक कायम असेल तर, कर माफ व्हावा आणि ही रेषा कोणत्याही सरकारला केवळ अर्थसंकल्पातल्या एका ओळीने गोठवता येऊ नये. गाडी मोडीत काढण्यासाठी अनुदान देणाऱ्या प्रत्येक योजनेत अशा नोंदवलेल्या गाड्या वगळलेल्या असाव्यात, आणि एखादी गाडी मोडीत जाण्यापूर्वी ती जतनासाठी घेऊ इच्छिणाऱ्याला काही आठवड्यांची मुदत मिळावी. यातली मुदतीची अट सर्वांत स्वस्त आहे, तिच्यासाठी तिजोरीतून एक पैसाही जात नाही, आणि म्हणून याचिकेत ती सर्वांत वर लिहावी असे मला वाटते.